म्युच्युअल फंड नेमका निवडायचा कसा? (बाबांची ग्रॅच्युइटी आणि माझी एसआयपी)

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते इथे, आज अडलंय म्हणून धागा काढतीये. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

बाबा साखर कारखान्यातून रिटायर झाले, आता ६१ वय. ग्रॅच्युइटी अडकलेली ती गेल्या महिन्यात एकदाची मिळाली, त्यात थोडी शिल्लक घालून ११ लाख रुपये बँकेत सेव्हिंगला पडलेत. ईपीएफची पेन्शन महिना ३,२०० आणि एक एकर ऊस, बाकी काही नाही. पैसे जमा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी बँकेतनं फोन, मग एक मुलगा घरी आला, अगदी नम्र, बाबांना काका काका करत. त्यानं एक नवीन फंड सांगितला, एनएफओ आहे, म्हणजे पहिल्यांदाच विक्रीला आलेला, दहा रुपयाला युनिट मिळतंय, जुने फंड दोनशे तीनशेला आहेत हा अजून स्वस्तात आहे काका, आत्ताच दहा लाख टाका. बाबांना पटलंय. चेकबुक काढून ठेवलंय टेबलावर. मी म्हटलं आठ दिवस थांबा.

दुसरं माझं स्वतःचं. मी सांगलीला शाळेत आहे, मुलगी तीन वर्षांची. २०२१ पासून पाच फंडात महिन्याला हजार हजारची एसआयपी (दरमहा ठरलेली गुंतवणूक) चालू आहे, तीही त्याच बँकेतून. कुठले फंड आणि का, हे मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. आता शिकायचंय. फंड चांगला आहे हे ओळखायचं कसं? स्टार बघायचे का रिटर्न बघायचे? कृपया नुसती नावं देऊ नका, कसं बघायचं ते सांगा.

घाटमाथा:
पहिलं काम, तो चेक देऊ नका. दहा रुपयाला युनिट म्हणजे स्वस्त हे साफ खोटं आहे. १०,००० रुपये घेऊन दहाच्या एनएव्हीला गेलात तर १,००० युनिट, दोनशेच्या एनएव्हीला गेलात तर ५० युनिट. दोन्ही फंडातले शेअर १० टक्के वाढले तर दोन्हीकडे तुमचे ११,००० च होतात. एनएव्ही म्हणजे शेअरचा भाव नाही, फंडाकडे जे काही आहे त्याची किंमत भागिले युनिट, बास. उलट जुन्या फंडाचं दहा वर्षांचं प्रगतिपुस्तक बघायला मिळतं, नवीनाचं पान कोरं असतं.

रानजाई:
कृष्णाकाठ, तुम्ही थांबायला सांगितलंत हे फार बरं केलंत. मी स्वतः बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं ब्रँचमध्ये ही टार्गेटं येताना बघितली. त्या मुलावर रागवू नका, त्याला महिन्याचा आकडा दिलेला असतो. पण तो आकडा तुमच्या बाबांच्या गरजेतून आलेला नसतो एवढं ध्यानात ठेवा.

तुम्ही विचारताय फंड कसा निवडायचा. त्याच्याआधी दोन प्रश्न असतात आणि ते तुम्हीच तुमच्या घरी बसून सोडवायचे असतात: हा पैसा कधी लागणार, आणि मधे निम्मा झालेला दिसला तर घरात काय होईल. बाबांचा पैसा आणि मुलीचा पैसा यांची उत्तरं वेगळी आहेत म्हणून फंडही वेगळे, किंवा एकाला फंडच नको असंही निघू शकतं.

निम्मा हा शब्द मी घाबरवायला नाही वापरला. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक) ६,३५७ पर्यंत गेला होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २,२५२ बघितला. तो जुना आकडा परत दिसायला २०१३ साल संपत आलं. पंचविशीतल्या माणसाची एसआयपी चालू असेल तर ही वर्षं सोन्यासारखी, कारण सगळी खरेदी खालच्या भावात होते. पण ६१ व्या वर्षी एकरकमी घातलेल्या माणसाला, ज्याला त्यातूनच महिन्याचा किराणा भरायचाय, त्याला ही पाच सहा वर्षं काढता येत नाहीत. त्याला पडलेल्या भावात विकावं लागतं आणि विकलेलं युनिट परत वर येत नाही.

बाबांना महिन्याला घरखर्चाला किती लागतात?

कृष्णाकाठ:
रानजाई ताई, आई बाबा दोघं, औषधं धरून १२ ते १३ हजार. उसाचं बिल वर्षातनं येतं ते शेतीलाच परत जातं बहुतेक. ३,२०० पेन्शन वजा केली तर नऊ दहा हजार कमी पडतात.

रानजाई:
मग बाबांचं उत्तर जवळजवळ मिळालंच. ६० च्या पुढच्यांसाठी पोस्टातली सीनियर सिटिझन योजना आहे, सध्या ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख, पाच वर्षांची मुदत आणि व्याज दर तिमाहीला खात्यात. ८ लाख ठेवलेत तर वर्षाला ६५,६०० म्हणजे तिमाहीला १६,४००, महिन्याला साडेपाच हजारच्या आसपास. बँकेतही उघडता येतं पण मी म्हणेन पोस्टात जा, बँकेत गेलात की परत तोच विषय निघेल. राहिलेल्या तीन लाखातले दीडेक लाख दवाखान्यासाठी साध्या एफडीत, मोडता येईल अशी. उरलेल्या दीड लाखाचं सावकाश ठरवा, घाई नाही.

देवगडहापूस:
पण मग महागाईचं काय? ८.२ टक्के व्याज आणि तेही खर्च होणार, म्हणजे मुद्दल जागच्या जागी. वीस वर्षांनी आठ लाखाला काय किंमत राहणार. माझ्या स्मॉलकॅप (लहान कंपन्यांच्या) फंडात तीन वर्षांत पैसे दुप्पट झालेत, थोडे तरी तिकडे टाकायला काय हरकत आहे?

रानजाई:
हरकत पैशाला नाही, वेळेला आहे. महागाईचा मुद्दा तुमचा बरोबरच आहे, म्हणून तर दीड लाखाचं सावकाश ठरवा म्हटलं. त्यातला काही भाग सात आठ वर्षं हात न लावता ठेवता येणार असेल तर हायब्रिड फंडात (थोडे शेअर, थोडे कर्जरोखे) जाऊ दे. पण तो निर्णय पोस्टातलं पहिलं व्याज हातात पडल्यावर, बाबांना झोप लागायला लागल्यावर.

हिशेबनीस:
आधीच सांगतो, मी म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर आहे, साताऱ्यात, एआरएन नंबर (विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक) घेऊन रीतसर काम करतो. त्यामुळे माझं बोलणं त्या चष्म्यातनं वाचा.

बाबांच्या पैशाबद्दल रानजाई ताईंशी पूर्ण सहमत. माझ्याकडे असे काका आले तर मीच पोस्टाचा रस्ता दाखवतो, मला एक रुपया मिळत नाही त्यात.

आता तुमच्या पाच फंडांबद्दल. एक काम करा, फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या साईटवर जाऊन पॅन टाकून एकत्रित स्टेटमेंट मागवा, सीएएस म्हणतात त्याला, सगळ्या कंपन्यांमधले सगळे फंड एका ठिकाणी दिसतात, ईमेलवर येतं. त्यात योजनेचं पूर्ण नाव बघा, रेग्युलर (मधल्या विक्रेत्याला कमिशन जातं तो) लिहिलंय का डायरेक्ट (थेट कंपनीकडून, कमिशन नसलेला). सहामाही स्टेटमेंट आलं असेल तर त्यात तुमच्या फंडांवर डिस्ट्रिब्युटरला किती कमिशन गेलं तेही रुपयांत छापलेलं असतं. तेही बघा. आणि प्रत्येक फंड कुठल्या कॅटेगरीतला आहे ते इथे लिहा, मग बोलू.

कृष्णाकाठ:
मागवलं. अर्ध्या तासात आलं, पासवर्ड टाकून उघडलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. पाचही रेग्युलर. दोन लार्जकॅप, दोन फ्लेक्सीकॅप (लहानमोठ्या कुठल्याही कंपन्या घेणारे) आणि एक लार्ज अँड मिडकॅप. सगळे मिळून आजची किंमत ३ लाख २० हजारच्या घरात, भरलेले अडीच लाखाला थोडे कमी. जुनं सहामाही स्टेटमेंट मेलमध्ये सापडलं त्यात कमिशनचा आकडा १,४८६ रुपये. मला वाटत होतं बँक ही सेवा फुकट देते. चार वर्षांत एकदाही कोणी फोन करून ताई तुमचे फंड असे आहेत असं सांगितलं नाही, नवीन काही घ्यायचं असेल तेव्हाच फोन.

मग अजून एक केलं, पाचही फंडांच्या फॅक्टशीट (फंडाची माहितीपत्रकं) उघडून पहिल्या दहा कंपन्या वहीत समोरासमोर लिहिल्या. एचडीएफसी बँक पाचहीत. आयसीआयसीआय बँक पाचहीत. रिलायन्स चारात, इन्फोसिस चारात. म्हणजे मी पाच ठिकाणी पैसे ठेवलेत असं समजत होते ते खरं तर एकाच टोपलीत आहेत का?

घाटमाथा:
एकदम बरोबर पकडलंत, आणि वहीत लिहून बघितलंत हे तर लाख मोलाचं. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅटेगऱ्या ठरवून दिल्या. बाजारमूल्यानं पहिल्या १०० कंपन्या लार्जकॅप, १०१ ते २५० मिडकॅप, २५१ पासून पुढे स्मॉलकॅप, ही यादी अ‍ॅम्फी (फंड कंपन्यांची संघटना) वर्षातनं दोनदा काढते. लार्जकॅप फंडाला ८० टक्के पैसा त्या पहिल्या शंभरातच ठेवावा लागतो. आता शंभरच कंपन्या आणि त्यातल्याही वरच्या वीस पंचवीस सगळ्यात मोठ्या, मग दोन वेगळ्या कंपन्यांचे लार्जकॅप फंड घेतले तरी आत माल तोच.

म्हणूनच मी म्हणतो की लार्जकॅपमध्ये फंड मॅनेजर निवडत बसूच नका, सरळ निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घ्या, म्हणजे निर्देशांकातल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा, डायरेक्ट. एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंडाचा वर्षाचा खर्च, ०.१ ते ०.३ टक्क्यांत येतो. मॅनेजर कोण, तो सोडून गेला का, यंदा त्याचं डोकं चाललं का, हे प्रश्नच संपतात. लार्जकॅपमधले बहुसंख्य सक्रिय फंड (मॅनेजर शेअर निवडतो ते) लांब मुदतीत इंडेक्सच्या मागे पडतात हे वर्षानुवर्षं दिसतंय. इंडेक्स फंडात बघायचं एवढंच, खर्च किती आणि ट्रॅकिंग डिफरन्स किती, म्हणजे इंडेक्सपेक्षा फंड वर्षाला किती मागे राहिला. जितका कमी तितका चांगला.

हिशेबनीस:
घाटमाथा, लार्जकॅपपुरतं मान्य. पण निफ्टीत बँका आणि फायनान्स कंपन्यांचं वजन एक तृतीयांशाच्या आसपास आहे हेही सांगा ना, इंडेक्स म्हणजे सगळा भारत नव्हे. आणि मिड, स्मॉल आणि फ्लेक्सीमध्ये चांगला मॅनेजर फरक पाडू शकतो, तिथे कंपन्या जास्त, माहिती कमी, शोधायला वाव आहे.

आणि डायरेक्टबद्दल एक बोलू द्या. जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आहेत, ज्याला स्वतःला कळतं त्यानं डायरेक्टच घ्यावा, मी माझ्या भाच्यालाही तेच सांगितलं. पण मार्च २०२० मध्ये बाजार दोन महिन्यांत जवळजवळ ४० टक्के पडला तेव्हा मी दिवसाला तीस तीस फोन घेत होतो. एक मास्तर तर रडत होते फोनवर, सगळं काढून द्या म्हणत होते. मी म्हटलं सर, तुमचा पैसा २०३१ ला लागणार आहे, आज फॉर्म देत नाही, उद्या सकाळी चहाला या मग बघू. लॉकडाऊन होता, चहाला कसले येतायत, पण फॉर्म टळला. त्या मास्तरांचे पैसे तिथेच राहिले. ह्या कामाचे मी पैसे घेतो. तुम्हाला चार वर्षांत एकही फोन आला नाही म्हणजे तुम्ही पैसे दिलेत आणि काम झालंच नाही, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

घाटमाथा:
हे मात्र खरं, असा माणूस मिळाला तर पैसे वसूल आहेत. फक्त किंमत काय ते माहीत असावं म्हणून हिशोब मांडतो. महिना ५,००० ची एसआयपी, १५ वर्षं, म्हणजे कृष्णाकाठ यांची मुलगी अठरा होईपर्यंत. भरणा ९ लाख. १२ टक्क्यांनी २५ लाख २० हजारच्या आसपास होतात, ११ टक्क्यांनी २२ लाख ९० हजार. रेग्युलर आणि डायरेक्टमध्ये एक टक्क्याचा फरक धरला तर सव्वादोन लाखांच्या वर जातात. १२ टक्के मिळतीलच असं अजिबात नाही, फरक दिसावा म्हणून आकडा घेतलाय.

ज्यांना माणूस हवाय पण कमिशन नकोय त्यांनी सेबी नोंदणीकृत फी घेणारा सल्लागार बघावा. तो फी घेतो आणि फंड डायरेक्टमध्ये घ्यायला सांगतो.

साधामाणूस:
चांगली चर्चा चाललीये, वाचतोय. मला एक सांगा, स्टार रेटिंग बघून घेतलं तर काय चुकतं? मी चार पाच स्टार बघूनच घेत आलोय.

रानजाई:
स्टार मागचं बघून दिलेले असतात आणि ते हलतात. आज पाच स्टार असलेला फंड तुम्ही घेता, तीन वर्षांनी तो तीनवर येतो, मग तुम्ही तो विकून नव्या पाच स्टारवाल्यात जाता. दरवेळी चढलेलं विकत घ्यायचं आणि दमलेलं विकायचं, असं होतं ते. गेल्या एक वर्षाचा रिटर्न बघणं तर त्याहून वाईट. ज्या प्रकारचे शेअर वर्षभर पळाले त्या प्रकारचे फंड यादीत वर येतात, आणि त्याच सुमारास त्या विषयाचे नवे एनएफओही बाजारात येतात. २००७ मध्ये इन्फ्रास्ट्रक्चरचं असंच झालं होतं, आणि ज्यांनी तेव्हा घातले त्यांनी फार वाट बघितली.

मी सक्रिय फंड बघते तेव्हा रोलिंग रिटर्न बघते. म्हणजे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असा एकच आकडा नाही, तर दर दिवसापासून सुरू होणारे सगळे पाच पाच वर्षांचे टप्पे काढायचे आणि त्यातला सगळ्यात वाईट, सरासरी, आणि किती टप्प्यांत इंडेक्सला हरवलं ते बघायचं. फुकट दाखवणाऱ्या साईट आहेत. एखादा फंड एका भन्नाट वर्षाच्या जोरावर वर आलाय का सातत्यानं चाललाय, ते यातनं उघडं पडतं. तुलना करताना टोटल रिटर्न इंडेक्सशी करायची, लाभांश धरलेला. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीनं तेच बंधनकारक केलंय, त्याआधी साध्या इंडेक्सशी तुलना करून फंड उगाच उजवे दिसायचे.

मग २००८, २०११, २०२० या पडत्या काळात तो इंडेक्सपेक्षा कमी पडला का जास्त ते बघते. वर जाताना थोडा मागे राहिला तरी चालेल, खाली जाताना कमी पडणारा फंड माणसाला टिकवून धरतो, आणि टिकला त्यालाच पुढचं मिळतं. आणि हे सगळं ज्या मॅनेजरच्या काळात झालं तो अजून तिथे आहे का. दहा वर्षांचा रेकॉर्ड छान आणि मॅनेजर येऊन सहा महिने झालेले, तर तो रेकॉर्ड त्याचा नाही.

देवगडहापूस:
मग माझ्या स्मॉलकॅपचं काय? खरंच विचारतोय. महिन्याला १०,००० तिकडेच जातायत सगळे, वय २७, लग्न पुढच्या दोन वर्षांत करायचंय.

हिशेबनीस:
लग्नाचे पैसे त्यातच आहेत का?

देवगडहापूस:
हो, वेगळे असे काही नाहीत.

हिशेबनीस:
मग लग्नाचा भाग आजच वेगळा काढा. दोन वर्षांत लागणारा पैसा स्मॉलकॅपमध्ये नको म्हणजे नको. लिक्विड फंड (अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांचा), आरडी, एफडी, कुठेही पण शेअरमध्ये नाही. उरलेलं वीस वर्षांसाठी असेल तर स्मॉलकॅपला हरकत नाही, पण सगळे दहा हजार नकोत.

स्मॉलकॅप फंड निवडताना अजून एक बघायचं असतं, फंड किती मोठा झालाय. लहान कंपन्यांचे शेअर रोज फार विकले जात नाहीत, फंडात हजारो कोटी साठले की मॅनेजरला घेतानाही भाव वर ढकलावा लागतो आणि विकताना खाली. मार्च २०२४ पासून प्रत्येक मिड आणि स्मॉलकॅप फंडाला स्ट्रेस टेस्ट जाहीर करावी लागते, पोर्टफोलिओतला २५ टक्के आणि ५० टक्के माल विकायला किती दिवस लागतील ते. तुमच्या फंडाचा आकडा बघा, पाच दिवस आहे का तीस. मी तरी नवीन माणसाला हा आकडा दाखवल्याशिवाय स्मॉलकॅप देत नाही.

साधामाणूस:
लिक्विड फंड म्हणालात म्हणून विचारतो, डेट फंड म्हणजे एफडीसारखेच ना? बँकेत मला तसंच सांगितलं होतं.

रानजाई:
नाही. एफडीत बँकेनं व्याज कबूल केलेलं असतं, डेट फंडात तुमच्या पैशातून कोणाकोणाला कर्ज दिलंय त्यावर सगळं अवलंबून. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटननं सहा डेट योजना एकदम बंद केल्या, लोकांचे २५ हजार कोटींच्या वर पैसे अडकले. पुढे टप्प्याटप्प्यानं ते परत मिळाले, पण ज्याला मे २०२० मध्ये दवाखान्यासाठी हवे होते त्याला तेव्हा मिळाले नाहीत. त्या योजनांत कमी पत असलेल्या कंपन्यांचे रोखे जास्त होते, म्हणून तर त्या अर्धा एक टक्का जास्त देत होत्या. डेट फंडात जास्त रिटर्न दिसला की आधी पोर्टफोलिओ उघडायचा आणि रोख्यांची पत बघायची. सरकारी, ट्रिपल ए, ए वन प्लस, म्हणजे सगळ्यात वरची पत दिसली पाहिजे.

आमच्या वयाच्या लोकांना यूएस ६४ आठवत असेलच. युनिट ट्रस्टची १९६४ पासूनची योजना, घराघरात होती, सगळे तिला एफडीच समजायचे आणि जुलै २००१ मध्ये युनिट परत घेणंच थांबवलं. नाव मोठं आणि जुनं आहे म्हणून आत काय आहे ते बघायचं नाही, असं करू नये.

आणि १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबनंच कर लागतो, त्यामुळे एफडीपेक्षा करात फायदा होता तोही उरला नाही.

अटकेपार:
न्यू जर्सीहून लिहितोय. इथले कोणी वाचत असतील तर, अमेरिकेत कर भरणाऱ्यांनी भारतातले म्युच्युअल फंड घेण्याआधी इथल्या सीएला विचारा. पीएफआयसी नावाचा नियम आहे, प्रत्येक फंडासाठी दरवर्षी फॉर्म ८६२१ भरावा लागू शकतो आणि कर फार जाचक पद्धतीनं लागतो. शिवाय अमेरिका कॅनडावाल्यांचे पैसे भारतातल्या सगळ्या फंड कंपन्या घेतही नाहीत. पुण्यात असताना सुरू केलेली एसआयपी इकडे आल्यावर तशीच निवासी केवायसीवर चालू ठेवू नका, स्टेटस बदलून घ्या. मी तीन वर्षं तसंच ठेवलं आणि निस्तरायला एक अख्खं वर्ष गेलं.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी बसवून शिकवलं नव्हतं. आता माझ्या पाचांचं काय करू? सगळे विकून डायरेक्टमध्ये टाकू का? आणि नेमके किती फंड ठेवावेत?

घाटमाथा:
तेच फंड रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये नेणं म्हणजेसुद्धा कायद्यानं विक्रीच धरतात, म्हणून एकदम नको. आधी पाचही एसआयपी थांबवा, नवीन पैसा आजपासून डायरेक्टमध्ये. जुनी युनिटं: ज्यांना एक वर्ष होऊन गेलंय त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी एक्झिट लोड (लवकर काढल्याचा दंड) नसतो, तरी आपल्या फंडाचा बघून घ्या. दीर्घ मुदतीचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, वरच्याला साडेबारा टक्के, जुलै २०२४ पासून. तुमचा एकूण नफाच पाऊण लाखाच्या आसपास, म्हणजे दुसरीकडे कुठे शेअर विकले नसतील तर कर शून्य. शेवटच्या बारा हप्त्यांची युनिटं मात्र राहू द्या, त्यांना वर्ष झालं नाही, आत्ता काढलीत तर नफ्यावर २० टक्के आणि वर लोडही लागू शकतो. ती जशी वर्षाची होतील तशी काढा.

माझं मत, तुम्हाला एक निफ्टी ५० इंडेक्स फंड पुरे. फारच वाटलं तर जोडीला निफ्टी नेक्स्ट ५०, म्हणजे त्यांच्या पुढच्या ५० कंपन्यांचा.

हिशेबनीस:
मी दोन म्हणेन. एक इंडेक्स आणि तुमच्या दोन फ्लेक्सीतला जो रोलिंग रिटर्नमध्ये सरस निघेल तो एक. १५ वर्षं आहेत हातात. ग्रोथ पर्यायच (नफा फंडातच राहतो तो) घ्या, आयडीसीडब्ल्यू नको, म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड, ते तुमचेच पैसे एनएव्हीतून काढून तुम्हाला परत देतात आणि वर त्यावर कर. आणि मुलगी पंधरा सोळाची झाली की दरवर्षी थोडे थोडे शेअरमधून काढून एफडी किंवा लिक्विडकडे न्यायला सुरुवात करा, अ‍ॅडमिशनच्या जूनमध्ये बाजार पडलेला असू शकतो.

रानजाई:
हिशेबनीस यांचं शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवा. टर्म इन्शुरन्स आहे ना तुमचा आणि यजमानांचा? नसेल तर तो आधी.

कृष्णाकाठ:
यजमानांचा आहे, माझा नव्हता, कालच चौकशी केली.

आता घरचं सांगते. रविवारी गावी गेले. बाबांसमोर वही ठेवली आणि घाटमाथा यांचा दहा रुपयाचा हिशोब त्यांनाच करायला लावला. बाबा कारखान्यात वजनकाट्यावर होते, आयुष्यभर टनाचा हिशोब केलेला माणूस. दोन मिनिटं पेन धरून बसले आणि म्हणाले, म्हणजे मोळी बारीक बांधली म्हणून ऊस स्वस्त होत नाही. मी गप्पच बसले. मग २००८ चे दोन आकडे दाखवले. ते बराच वेळ बघत होते.

सोमवारी आम्ही दोघं पोस्टात गेलो. मास्तर ओळखीचेच निघाले, फॉर्म त्यांनीच भरून दिला, पॅन, आधार, दोन फोटो आणि ८ लाखाचा चेक. पासबुक मिळालं ते बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं, घरी येईपर्यंत दोनदा हात लावून बघितला. दीड लाख एफडीत गेले. राहिलेल्याचं दिवाळीनंतर बघू असं ते स्वतःच म्हणाले. बँकेतल्या मुलाचा संध्याकाळी फोन आला होता, बाबांनी त्याला चहाला ये म्हटलं पण पैसे नाहीत आता असंही सांगितलं.

माझी इंडेक्स फंडाची तीन हजारची एसआयपी पाच तारखेपासून सुरू होतीये. दोन हजारासाठी दोन्ही फ्लेक्सीचे पाच वर्षांचे रोलिंग रिटर्न काढायला बसलीये, अर्धे झाले, पूर्ण झाले की इथेच टाकते, चुकलं असेल तर सांगा.

हिशेबनीस:
छान केलंत. टाका आकडे, बघतो. पोस्टात नॉमिनी लावला ना?

कृष्णाकाठ:
हो, आईचं नाव. आणि माझ्या पाचही फंडांत नॉमिनीच नव्हता, तोही काल ऑनलाइन लावला.